बेसिनचा काउंटर बसवताय? टेप घरीच ठेवा

बाथरूममधला काउंटर तोंड धुण्यासाठी असतो, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. तोंड काय, बादलीवर वाकूनही धुता येतं. पाहुण्यांनी हात पुसत बाहेर येऊन "वा! दगड कुठला?" असं विचारावं, यासाठी काउंटर असतो. एवढं एकदा मनाशी पक्कं केलंत की पुढचं सगळं आपोआप चुकत जातं.

दगड घ्यायचा तर पांढरा संगमरवरच. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि आम्लाशी त्याचं हाडवैर आहे, हे दुकानदार आपणहून सांगणार नाही. तुम्हीही खोदून विचारू नका. मोह्सच्या १ ते १० अशा काठिण्यश्रेणीत तो ३ च्या आसपास, वाळूतलं क्वार्ट्झ हे खनिज ७ वर. म्हणजे बाटलीच्या बुडाला चिकटून आलेला वाळूचा कणही त्यावर ओरखडा काढणार. काढू द्या. खरी मजा पुढे आहे. टॉयलेट साफ करायच्या आम्लाची बाटली कुणीतरी काउंटरवर टेकवतं आणि उचलल्यावर तिच्या बुडाएवढं निस्तेज वर्तुळ तिथे कायमचं राहतं. हाताला किंचित खरखरीत लागतं. तो डाग नसतोच, दगडाचा वरचा थरच खाल्लेला असतो. त्यामुळे घासून काही जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. पण आपण हार मानायची नाही. तेच आम्ल फडक्यावर घेऊन सबंध काउंटरवर फिरवायचं. सगळीकडची चकाकी सारखी गेली की मॅट फिनिश मुद्दाम मागवलंय, असं सांगता येतं.

संगमरवर परवडत नसेल तर काळा कुळकुळीत ग्रॅनाइट घ्या. दणकट असतो, आम्लाला सहसा दाद देत नाही, पण पाणी जड असेल तर प्रत्येक थेंब वाळताना आपली पांढरी खूण ठेवून जातो. दिवसभर फडकं हातात ठेवायची हौस असणाऱ्यांसाठी उत्तम. लॅमिनेटबद्दल काय बोलायचं! कडेच्या पट्टीतून पाणी आत शिरलं की भुश्याचा बोर्ड फुगतो, विषय संपला.

राहिला कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ. ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झ आणि बाकी मुख्यतः रेझिन, म्हणजे ते कण धरून ठेवणारं प्लास्टिक. पाणी पीत नाही, पाणी मुरू नये म्हणून वरचेवर सीलरचा लेप मारावा लागत नाही, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. असली वस्तू घरात आणून करायचं काय? तरी घेतलाच, तर केस सरळ करायचं तापलेलं यंत्र थेट त्यावर ठेवायला विसरू नका, रेझिन भाजून निघतं. आणि कापायचं काम घरातच, दार लावून, पाणी न मारता, कोरडं करून घ्या. त्या धुरळ्यातली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचीच पूड, फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून या दगडाच्या फरश्यांवर बंदीच घातली. भित्री माणसं! फुप्फुसं कारागिराची, सोफ्यावर धूळ बसली म्हणून कुरकुर करायचा हक्क मात्र तुमचा.

आता बेसिन. काउंटरवर वाडग्यासारखं उभं राहणारंच निवडा, फोटोत छान येतं. काउंटर साधारण ८५ सेंटिमीटरवर असतो. त्यावर १५ सेंटिमीटरचं बेसिन ठेवलं की काठ बरोबर १ मीटरवर. मग तोंड धुताना कोपर खांद्याला भिडवायचं, ओंजळीतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहत येतं आणि तिथून जमिनीवर. तोंडाबरोबर बाहीही धुतली जाते, हा जादा फायदा. घरातल्या लहान मुलांसाठी स्टूल ठेवा, म्हणजे पाय आपटायलाही काहीतरी झालं.

नळ मात्र सर्वांत शेवटी घ्या, दगडाला भोक पाडून झाल्यावर. पुष्कळ नळांना ३५ मिलिमीटरचं भोक लागतं. तुमच्या नळाला नेमकं दुसरंच लागेल. शिवाय त्याची चोच आखूड निघेल आणि धार बेसिनच्या मागच्या काठावर पडेल. बोटं भिंतीला घासत हात धुवायची सवय लागते हळूहळू.

बसवायच्या दिवशी भिंतीला गुण्या लावून बघू नका. भिंती काटकोनात नसतातच, उगाच मनस्ताप. मापात कापलेली दगडाची फळी एका टोकाला भिंतीला टेकते, दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी फट उरते. तिच्यात पांढरं सिमेंट कोंबा. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला ५० किलोच्या वर जातं, तेव्हा आधाराला दोन खिळे पुरे. पाणसळ लावायची झालीच तर उतार भिंतीकडे जाईल असा बघा. पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी बारीक खाच मारतात, तीही नको. थेंब दगडाच्या पोटाखालून थेट कपाटात पोचले पाहिजेत.

सांध्यांत सिलिकॉन भरलंत की लगेच नळ सोडा. सिलिकॉनच्या नळीवर २४ तास कोरडं ठेवा असं लिहिलेलं असतं, पण ते ज्यांना दुसरं बाथरूम आहे त्यांच्यासाठी. संगमरवरासाठी न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन मिळतं. तुम्ही व्हिनेगरसारखा वास येणारंच आणा. सांध्यात काळी बुरशी धरली की ती डिझाइनची रेघ आहे म्हणा. आणि गळती लागली तर खाली वाकून बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा सांडपाण्याचा बाटलीसारखा भाग, तपासायची घाई करू नका. तोवर कपाटाचं दार फुगून गच्च बसलेलं असेल, ते काही उघडणार नाही.