डावा बड रुसला तर

ब्लूटूथ इअरबड्सच्या जोडीतला उजवा बड वाजतोय, डावा गप्प. अशा वेळी सगळ्यात मोठा धोका म्हणजे डोकं शांत ठेवणं. डोकं शांत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत बिघाड सापडतो, फुकटात दुरुस्त होतो आणि सेलमधली नवी जोडी मागवायला घरात सांगण्यासारखं कारणच उरत नाही. तेव्हा सुरुवातीपासूनच रीतसर घायकुतीला या.

प्रथम ब्लूटूथ बंद-चालू करा. एकदा करून भागत नाही. सात-आठ वेळा करा आणि दर वेळी स्क्रीन आधीपेक्षा जोरात दाबा, म्हणजे फोनला तुमचा राग कळेल. मग बड कानातून काढून त्याच्या जाळीवर तोंडाने गरम फुंकर मारा. वाफ जाळीवर बसते, आतला मळ ओला होऊन पक्का चिकटतो, आणि जो बड फक्त कनेक्ट होत नव्हता तो आता कनेक्ट झाला तरी ऐकू येत नाही. एका दगडात दोन पक्षी.

बड ठेवायच्या चार्जिंगच्या डबीचं झाकण उघडून आत बघणं मात्र कटाक्षाने टाळा. बघितलंत तर बहुतेक डब्यांत प्रत्येक खाचेच्या तळाशी दोन-तीन बारीक सोनेरी पिना दिसतील. त्यांच्याखाली स्प्रिंग असते. बड आत ठेवला की या पिना त्याच्या अंगावरच्या चकत्यांना टेकतात. चार्जिंग तिथूनच होतं, आणि आपण डबीत आलोय, आता बंद व्हायला हरकत नाही, हेही बडला बहुधा तिथूनच कळतं. कानातला मळ, घाम, सनस्क्रीन आणि पँटच्या खिशातली लव यांचा थर चकत्यांवर बसला की डावा बड डबीत असूनही जागाच राहतो. रात्रभर फोनला चिकटून स्वतःची बॅटरी संपवतो. सकाळी उजवा १०० टक्के, डावा शून्य. याला ‘कनेक्शनचा प्रॉब्लेम’ म्हणायचं असतं. कुणी चार्जिंग तपासायला सांगितलंच, तर ‘दिवा लागतो ना!’ एवढं उत्तर पुरे. तो दिवा बऱ्याचदा डबीच्या बॅटरीचा असतो, बडचा नव्हे. पण ही बारीक गोष्ट मॅन्युअलमध्ये, मॅन्युअल खोक्यात आणि खोकं माळ्यावर.

साफ करायचंच असेल तर सेफ्टी पिन घ्या. खरी रीत म्हणजे काडीवरच्या कोरड्या कापसाने पिना आणि चकत्या पुसायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर केमिस्टकडून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कापूस जेमतेम ओला करायचा, थेंब खाचेत पडू द्यायचा नाही, दहा मिनिटं वाळवायचं. जाळीला अल्कोहोल न लावता बड पालथा धरून मऊ, कोरड्या ब्रशने झटकायचा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. हे काम इतकं सोपं आहे की त्यात पराक्रमाला वाव नाही. सेफ्टी पिनेत तो आहे. तिने सोनेरी मुलामा खरवडला की खालचा धातू मुंबईच्या दमट हवेत हां हां म्हणता काळवंडतो. जाळीत खुपसली तर मळ थेट आतल्या पडद्यापर्यंत पोचतो, आणि जाळी दबली ती दबलीच.

बडचं मूळ रबर हरवलं असेल तर स्टेशनबाहेरच्या पथारीवरून एक माप मोठं घ्या. कानात गच्च बसतं. डबीत तेच रबर बडला केसभर उचलून धरतं, पिन टेकत नाही आणि वरून झाकण लागल्यामुळे सगळं आलबेल दिसतं. जोडीला डबीसाठी जाड सिलिकॉनचं कव्हर घ्या, शक्यतो बिजागरीपाशी फुगलेलं. झाकण एक रेषभर उघडं राहिलं की काही मॉडेलांत आतल्या सेन्सरला डबी उघडीच वाटते, बड चालूच राहतात, आणि आईचा फोन आला की तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करत बसता; आई तिकडे तुमच्या बॅगेतल्या डबीशी बोलत असते.

पावसाळ्याचं शास्त्र वेगळं. खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ छापलेलं असतं. त्यातला ४ म्हणजे चोहोबाजूंनी उडालेले शिंतोडे सोसण्याची क्षमता, आणि तीही पुष्कळदा फक्त बडची, डबीची नाही. तुम्ही त्याचा अर्थ ‘हिंदमाताला पोहत जाता येईल’ असा घ्या. भिजलेला बड पुसत बसू नका, तसाच डबीत टाका. पिनेत वीज, वर घामाचं खारट पाणी: दहावीच्या प्रयोगशाळेत बीकरमध्ये केलेलं विद्युत अपघटन इथे खिशात चालू होतं आणि मुलामा आठवड्याआठवड्याने उडत जातो. मग बड तांदळात पुरा. तांदूळ पाणी फारसं ओढत नाही, उघड्या हवेत पंख्याखाली ठेवलेला बड त्याहून बरा वाळतो, पण कणी आणि पीठ जाळीत भरायला तांदळासारखं दुसरं काही नाही. आंबेमोहोर वापरा. निदान वास चांगला येईल.

आता मरीन ड्राइव्हकडे वळू, कारण तिथे भले भले चक्रावतात. घरात ठणठणीत वाजणाऱ्या बडचा आवाज समुद्रासमोर का तुटतो? मोकळी जागा, ना भिंत, ना अडथळा! समुद्राच्या वाऱ्याला दोष देऊन मोकळे व्हा. खरं कारण ऐकाल तर अपमान वाटेल: अडथळा तुम्ही स्वतः आहात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि माणसाचं अंग, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, त्या लहरी मजेत शोषून घेतं. फोन पँटच्या उजव्या मागच्या खिशात आणि त्याच्याशी बोलणारा बड डाव्या कानात असला की मध्ये अख्खा देह येतो. घरात लहरी भिंतीवर, छतावर, कपाटावर आपटून वळसा घालून पोचतात. समोर अरबी समुद्र असला की त्या बाजूने परत फिरवायला कुणी नाही. काही जुन्या मॉडेलांत फोन एकाच बडशी बोलतो आणि तो दुसऱ्याला आवाज पुढे पाठवतो. तिथे तर मध्ये तुमचं डोकं येतं. फोन शर्टाच्या खिशात किंवा त्याच बाजूच्या हातात धरला तर आवाज जुळून येतो. पण मग वाऱ्याविषयीची थिअरी पडेल, म्हणून फोन मागच्याच खिशात असू द्या.

पेअरिंगसाठी सर्वोत्तम मुहूर्त म्हणजे सकाळची चर्चगेट फास्ट, अंधेरी सोडल्यानंतरचा. ब्लूटूथची यादी उघडा. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलची नावं एकाखाली एक दिसतील. त्यातलं आपलं ओळखण्यासाठी प्रत्येकावर एकदा टिचकी मारा. घरी बसून आपल्या बडला वेगळं नाव देता येतं, पण नाव कसलं ठेवायचं! मग आवाज तुटायला लागला की डब्यावरच्या ओव्हरहेड वायरला शिव्या घाला. ती २५,००० व्होल्टची आहे खरी, पण तिची वारंवारिता ५० हर्ट्झ. ब्लूटूथच्या गावात तिचं कामच नाही. काम बिघडवतात ते भोवतीचे प्रवासी आणि त्यांच्या खिशातले फोन. नेहमीच्या, म्हणजे क्लासिक, ब्लूटूथकडे १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाटा असतात आणि ते सेकंदाला १६०० वेळा एका वाटेवरून दुसरीवर उडी मारतं. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून गर्दीची वाट ओळखून ती टाळण्याची अक्कलही त्याला आली आहे, दादरला समोरचा डबा भरलेला दिसला की पुढच्याकडे पळणाऱ्या माणसासारखी. सगळेच डबे भरलेले असले की अक्कल चालत नाही, एवढंच.

अशा डब्यात एलडॅक कोडेक (कोडेक म्हणजे आवाज आवळून ब्लूटूथवरून पाठवायची पद्धत) ९९० केबीपीएसवर लावून बसा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले की ते दिसतं. तिथेच ३३० पर्यंत खाली येता येतं, किंवा थेट एसबीसी हे साधं कोडेक निवडता येतं, आणि आवाज तुटणं बऱ्यापैकी थांबतं. पण भजनी मंडळाच्या टाळांच्या गजरात आणि ‘आगे चलो, आगे चलो’च्या आरोळ्यांत आपल्याला स्टुडिओच्याच दर्जाचा आवाज हवा. तुटक चालेल, हलका नको.

घरी वायफायचा राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच ठेवा. एकेक वायफाय त्या ७९ पैकी सुमारे वीस वाटा अडवतं, आणि सोसायटीत प्रत्येक घरात एक आहेच. फोन, टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेले तर तेवढी जागा मोकळी होते. ती शेजाऱ्यांना का द्यायची? मायक्रोवेव्ह चालू असतानाच बड तुटत असेल तर पोहे गॅसवर गरम करा, विषय संपला. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल आणि तिची वायर स्वस्तातली असेल, तर तिथूनही याच पट्ट्यात गोंगाट होतो; तिला ब्लूटूथच्या अँटेनापासून दोन हात लांब ठेवणं हा उपाय इतका बिनखर्चाचा आहे की त्यावर विश्वास बसू नये.

लॅपटॉपची गोष्ट निघालीच आहे तर ‘मल्टिपॉइंट’ चालू ठेवा. एकाच वेळी दोन उपकरणं! तुम्ही फोनवर गाणं लावता, बाहेरच्या खोलीत ऑफिसचा लॅपटॉप मेल आल्याची ‘टिंग’ करतो आणि बड इमानाने तिकडे धावतात. मीटिंगला बसलात की विंडोजमध्ये एकाच बडची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावं दिसू शकतात. हँड्स-फ्री निवडून गाणी ऐका. माइकसाठी तो मार्ग आवाजाचा दर्जा पाडतो, आणि गाणं ट्रंककॉलवरून आल्यासारखं येतं. मग पुन्हा ब्लूटूथ बंद-चालू.

एवढं करूनही बड जिवंत असेल तर रिसेट. याचा खरा क्रम फार कंटाळवाणा: आधी फोन, जुना फोन, लॅपटॉप, टीव्ही, सगळीकडून बड ‘फरगेट’ करायचे, नाहीतर डबीतून बाहेर येताच जुना मालक त्यांना पुन्हा उचलतो, मग दोन्ही बड डबीत, दोन्ही चार्ज, मग मॉडेलप्रमाणे डबीचं बटण किंवा दोन्ही बडचे टच दहा-पंधरा सेकंद दाबून दिव्याचा रंग बदलायची वाट बघायची. यात डावा-उजवा आधी एकमेकांना ओळखतात, मगच फोनला. तुम्ही मात्र एकटा डावा बाहेर काढा आणि भलत्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून दाबत राहा. दोघांची ताटातूट झाली की फोनच्या यादीत एकाच नावाचे दोन बड दिसतात आणि एका वेळी एकच वाजतो. त्यावर उतारा म्हणून फोनचं अख्खं नेटवर्क सेटिंग रिसेट मारा. घरातल्या, ऑफिसातल्या, सासुरवाडीतल्या सगळ्या वायफायचे पासवर्ड पुसले जातील. वर्क फ्रॉम होमच्या आदल्या रात्री केलंत तर उत्तम.

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये आवाजाचा डावा-उजवा तोल ठरवणारी एक पट्टी असते. लहान मूल फोन घेऊन खेळलं की ती कधीकधी एका टोकाला जाऊन बसते आणि एक कान ठार मुका होतो. ही पट्टी सगळ्यात शेवटी तपासा, शक्यतो नवी जोडी घरी आल्यानंतर.

नवी जोडी घेण्याआधी सर्व्हिस सेंटरची एक फेरी हवी. बिल शोधू नका. ते मेलमध्ये असतं आणि वॉरंटी त्याच तारखेपासून मोजतात, म्हणून काउंटरवर पोचल्यावरच इनबॉक्स धुंडाळायला घ्या. टोकन घ्या, बसा. काउंटरवरचा पोरगा डबी उघडेल, काडीवरच्या कापसाने चकत्या पुसेल, बड पाच मिनिटं डबीत ठेवेल आणि दोन्ही वाजवून दाखवेल. लगेच म्हणा, ‘घरी नव्हतं हो चालत!’ आणि निघता निघता त्याला हेही विचारून घ्या, की एक्स्चेंजमध्ये याचे किती मिळतील.