दोनदा वाचावे

नारायण पेठेतल्या आमच्या फाटकासमोर रोज दुपारी दीडला कुणीतरी स्कूटर लावायचं. त्या फाटकातून बाहेर काढायला माझ्याकडे एक सायकल आहे, आणि तीही गेल्या दिवाळीपासून पंक्चर. पण प्रश्न सायकलचा नव्हता, तत्त्वाचा होता. खाली उतरून मालकाला गाठता आलं असतं, पण त्यासाठी दुपारी जागं राहावं लागलं असतं. पाटी लावणं सोपं.

पेंटर अक्षरावर पैसे लावतो, त्यामुळे आमच्याकडचा अपमान मुळातच आटोपशीर असतो. दोन दिवस घासून मी मजकूर केला:

‘फाटकासमोर गाडी लावू नये. वाचता येत नसल्यास वर यावे, वाचून दाखवू. (दुपारी १ ते ४ सोडून.) एमएच १४ ने हे दोनदा वाचावे.’

शेवटच्या ओळीची गरज नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तीच तर जमली होती! येणारे-जाणारे थांबून फोटो काढू लागले. कुणीतरी बायकोला वाचून दाखवत होता, तेव्हा मी गॅलरीत उगाच तुळशीला तिसऱ्यांदा पाणी घातलं.

वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी पाटी चष्म्यातून आणि चष्म्यावरून वाचली. म्हणाले, “एकोणिसाव्या कलमाने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, मान्य. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात वाजवी निर्बंधही आहेत. बदनामी, सभ्यता, सार्वजनिक सुव्यवस्था. परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंधसुद्धा.”

“परराष्ट्राचा इथे काय संबंध?”

“एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड ना?”

मी खूश. पण आठवड्याने तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, “ती स्कूटर सिस्टरची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पायाचं ड्रेसिंग करायला भोसरीहून येते. इथे सावली असते म्हणून लावायची. आता नदीपात्राच्या रस्त्याला लावून उन्हातून चालत येते.”

“मला काय माहीत?”

“विचारायचं होतंस.” मग मास्तर बसले. मास्तर बसले की इतिहास निघतो. “कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध टिळक-आगरकरांनी छापलं. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. चूक झाली म्हणून कोर्टात माफीही मागितली. तरी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले दोघांनी.”

“म्हणजे मी टिळक-आगरकरांच्या पंगतीला!”

“चुकीपुरता. माफीचं पान अजून रिकामं आहे.”

रात्रभर ती शेवटची ओळ डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी तिच्यावर पांढरा रंग फासला. पण पेंटरने ऑइलपेंट असा पक्का मारला होता की दुपारपर्यंत ‘एमएच १४’ पुन्हा आतून डोकावू लागलं, आधीपेक्षा जास्त उठून. शिवाय फोटो एव्हाना कुठल्या कुठे पोचले होते. अमरावतीच्या मेव्हण्याने तो मलाच पाठवला, ‘पुण्यात लोक किती आगाऊ असतात बघ’ असं लिहून.

शेवटी माफीची पाटी लावायचं ठरलं. हिच्यासाठी पेंटरला फोन करावा, असं मला सुचलंही नाही. बुटांच्या खोक्याचं झाकण कापलं, नातवाचं स्केचपेन घेतलं आणि लिहिलं, ‘सिस्टर, गाडी इथेच लावावी. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगिर आहे.’

दुपारी दीडला, आयुष्यात पहिल्यांदा, जागा राहून फाटकाशी उभा राहिलो. सिस्टर आल्या. हेल्मेट काढलं, आधी ऑइलपेंट पाहिला, मग पुठ्ठा. काही बोलेनात. मी घसा खाकरला.

“वाचलंत ना?”

“दोनदा वाचलं, काका,” स्कूटर स्टँडला लावत त्या म्हणाल्या. “‘दिलगीर’मधली ‘गी’ दीर्घ असते.”