हस्तलिखित दिलं म्हणजे हक्क गेले? कुणी सांगितलं!

'कॉपीराइटचं कडू सत्य' हा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं, पण मावशीने तो वाचून प्रकाशकाकडे हिशेब मागायचंच सोडून दिलं, "जाऊ दे रे, आता ते त्यांचंच ना". म्हणून लिहितोय.

'प्रकाशकाला हस्तलिखित दिलं की कॉपीराइट कायमचा त्याचा.' धादांत खोटं, आणि लेखकाला बुडवणारं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा ना एकदा. हक्क द्यायचे तर लेखी, आणि खाली देणाऱ्याची सही पाहिजे, नुसतं "घ्या, छापा" म्हटल्याने मालकी जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात, आणि घेतलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत तर तेही सुटतात, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. मावशीचा करार म्हणजे लेटरहेडवरचं एक पान, 'सर्व हक्क प्रकाशकाधीन', मुदतीचा पत्ता नाही, साल २००९. करा हिशेब! (१९९४ च्या दुरुस्तीआधीचे करार असतील तर मात्र हे लागू नाही, ते वकिलाला दाखवा.)

'रजिस्टर केलं नाही तर हक्कच नाही.' नाही हो. लिहिलं की कॉपीराइट आलाच, रजिस्ट्रेशन कोर्टात पुरावा म्हणून कामाला येतं, बास.

'हा कायदा लेखकांसाठी नव्हताच, व्यापाऱ्यांनी आणला.' बरं, यात थोडं तथ्य आहे, मान्य. १७१० च्या इंग्लंडच्या कायद्यामागे लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनीच जोर लावला होता. पण मिळाली १४ वर्षं, आणि तोवर लेखक जिवंत असेल तर पुढची १४ परत लेखकाला, हे फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलंय. त्या विक्रेत्यांना हक्क कायमचाच हवा होता, आणि १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो साफ नाकारला. म्हणजे तिकडे अडीचशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट हा माणूस इथे आपल्याला कायदा म्हणून खपवतोय.

राहिलं 'लेखक गेला की पुस्तक सगळ्यांचं, पीडीएफ बिनधास्त टाका'. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. आधी ५० होती, टागोरांची मुदत संपत आली तेव्हा वाढवली. साने गुरुजी १९५० ला गेले, ते २०११ पासून मोकळे, खुशाल वाटा. पुलं २००० ला गेले, त्यांच्या पीडीएफसाठी २०६१ उजाडू द्या.