मेण फासलेली फेलोशिप

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतला पहिला भाग 'फेलोशिप ऑफ द रिंग', त्याच्या एक्स्टेंडेड, म्हणजे जादा दृश्यांच्या आवृत्तीची डीव्हीडी मामेभावाने अमेरिकेहून आणली होती. २००२ ची, चार डिस्कची, खोका जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकासारखा. डीव्हीडी ज्या प्रदेशाची तिथल्याच प्लेअरवर चालते, तो रीजन वेगळा म्हणून आमच्या प्लेअरने आधी ती घेतलीच नाही. मग एका मित्राने रिमोटवरून कुठलासा कोड मारून दिला. आता तिन्ही भागांचा २०२० चा फोर-के, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राचा, डिस्कसंच घेतलाय, दोन शनिवार-रविवार खर्चून पाहिलाय. घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना सांगतो: घ्या, पण जुनी डीव्हीडी रद्दीत टाकू नका.

आधी कौतुक. २०११ च्या एक्स्टेंडेड ब्लू-रेत पहिल्या भागावर हिरवट झाक होती, कॅराध्रास डोंगरावरचा बर्फसुद्धा त्यातून सुटला नव्हता. तेव्हा 'दिग्दर्शकाला हेच हवंय' असं उत्तर मिळालं होतं! ती झाक आता गेली. मोरियाच्या खाणीतला अंधार काळाच राहतो, करडा पडत नाही, आणि बालरॉग राक्षसाची आग अंगावर येते. आवाजाचं आमच्या खालच्या मजल्यावर विचारा. २०८ मिनिटांचा पहिला भाग अजूनही दोन डिस्कवर आहे, पण एलरॉन्डची सभा संपल्यावर डिस्क बदलायची म्हणजे आपल्याला आयतं मध्यंतर, चहा टाकता येतो.

आता चेहरे. हे चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेत. फिल्मवर ग्रेन असतो, सतत सळसळणारे बारीक कण. कातडीच्या सुरकुत्या, लोकरीचा झगा, चिखल, सगळ्याचा खरखरीतपणा त्या कणांतच असतो. नॉइज रिडक्शनने, म्हणजे संगणकावरच्या साफसफाईने, कण पुसले की तोही पुसला जातो. इथे काही शॉटमध्ये नायक फ्रोडोच्या गालाला मेण फासल्यासारखं दिसतं. देवळाच्या काळ्या पाषाणाला आपल्याकडे ऑइलपेंट मारतात ना, त्यातलाच प्रकार. संगणकावरची दृश्यं मुळात टू-केत, म्हणजे कमी बारकाव्यात, बनली, ती थोडी मऊ दिसणारच, त्याबद्दल कुरकुर नाही. पण जे कॅमेऱ्याने टिपलं होतं ते का घालवलंत? याच भागासाठी ऑस्कर मिळवणारा छायाचित्रकार अँड्र्यू लेस्नी २०१५ मध्येच गेला. नव्या रूपाला दिग्दर्शक पीटर जॅक्सनची संमती आहे, ठीक. लेस्नीला कोण विचारणार?

आणि खरा राग पुढेच आहे. नऊ डिस्क, त्यात पडद्यामागचे माहितीपट शून्य! डीव्हीडीत अर्ध्या डिस्क त्यांच्याच होत्या. प्लास्टिकच्या कड्या एकेक करून ओवत चिलखतं विणणारी माणसं मी तिथे पाहिली, त्यांच्या बोटांचे ठसे झिजले होते म्हणे. चित्रपट चालू असताना बनवणाऱ्यांनी त्यावर बोलत जायचं, अशा चार वेगवेगळ्या कॉमेंटरी होत्या, त्यातली नटमंडळींची तर निव्वळ कट्ट्यावरची बडबड. आमची आई चित्रपटाला डुलक्या काढायची, पण हे माहितीपट टक्क जागी राहून बघायची.

काल फोर-के संपल्यावर जुना प्लेअर जोडला आणि चौथी डिस्क लावली. मोठ्या टीव्हीवर चित्र अगदीच भुरकट. जादूगार गॅन्डाल्फ मोठा आणि बिल्बो छोटा दिसावा म्हणून दोघांमधलं टेबल दोन तुकड्यांत केलंय, आणि कॅमेरा सरकला की त्यातला एक तुकडा, त्यावरच्या कपबशांसकट, त्याच्याबरोबर सरकतो. आई आतून म्हणाली, "ते टेबलाचं लागलंय का? थांब, आले."