नेपाळच्या घरांत आलेला पैसा वाया गेला नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतोय: "परदेशातून येणाऱ्या पैशाने गरिबी हटत नाही. लोक तो खाऊन संपवतात, विषमता वाढते, माणसं आळशी होतात. गरिबी हटते ती फक्त विकासदराने. नेपाळ बघा!"

बरं, नेपाळच बघू.

खाऊन संपवतात, हे बऱ्याच अंशी खरं आहे. 2010-11 च्या तिथल्या जीवनमान सर्वेक्षणानुसार या पैशातले 79 टक्के रोजच्या गरजांवर गेले आणि 7 टक्के कर्जफेडीत. पण गरिबी मोजतात कशी? घरात माणशी किती खर्च होतो, पोटात किती जातं, यावरूनच. अर्धपोटी राहणाऱ्या घरात दोन्ही वेळा डाळभात शिजू लागला, तर त्यालाच गरिबी कमी होणं म्हणतात. त्याला उधळपट्टी कसं म्हणायचं?

"फक्त विकासदराने" हे तर नेपाळकडे बघून म्हणताच येत नाही. 1995-96 मध्ये 42 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, 2003-04 मध्ये 31 आणि 2010-11 मध्ये 25 टक्के; हा शेवटचा आकडा तर रेषा वर सरकवून, म्हणजे जास्त लोक गरीब धरले जातील अशा बेताने मोजलेला. यातली दहा वर्षं देशात यादवी होती आणि अर्थव्यवस्था वर्षाला जेमतेम 4 टक्क्यांनी वाढत होती. सगळं श्रेय बाहेरच्या पैशाचं नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 1995 ते 2004 मधल्या घटीचा साधारण पाचवा हिस्सा कामासाठीच्या स्थलांतराला आणि त्यातून घरी येणाऱ्या पैशाला दिला. पाचवा हिस्सा म्हणजे थोडाथोडका नव्हे.

उलट फिलिपिन्स घ्या. 2006 ते 2012 मध्ये तिथला विकासदर सरासरी 5 टक्क्यांच्या आसपास होता, गरिबी मात्र 26.6 वरून 25.2 टक्क्यांवर आली, इतकीच. परदेशातला पैसा तिथेही भरपूर येतो. पण नर्स किंवा खलाशी व्हायला आधी शिक्षणाचा खर्च करावा लागतो आणि तो सर्वांत गरीब घरांना झेपत नाही. विषमता मोठी असली की वाढ असो वा परदेशातला पैसा, तळापर्यंत थोडंच झिरपतं.

नेपाळमध्ये विषमता आधी वाढली हे कबूल. विषमता मोजणारा जिनी निर्देशांक (0 म्हणजे सगळे समान, आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त) 0.34 वरून 0.41 झाला, कारण सुरुवातीला ओळखीपाळखी आणि जवळ पैसा असलेलेच बाहेर जाऊ शकत. पुढे वाटा रुळल्या, 2010-11 पर्यंत निम्म्याहून जास्त घरांत परदेशातून किंवा देशातच बाहेरगावी कमावणाऱ्यांकडून पैसा येऊ लागला आणि निर्देशांक 0.33 वर उतरला. फिरणारा मजकूर यातला पहिला अर्धाच सांगतो.

आणि आळशी? कतारच्या उन्हात बांधकामावर राबणाऱ्यांच्या घरच्यांना? रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला राहणारे नेपाळी गडी आपण पाहतो. त्यांच्या घरी म्हातारी माणसं आणि बायका शेती, गुरं, मुलं सगळं ओढतात. हा शब्द वापरणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

देशात कारखाने उभे राहिले नाहीत, ही टीका रास्त आहे. पण ती काठमांडूच्या सरकारांवर करा. आखातात आणि मलेशियात जाणाऱ्यांच्या व्हिसा-तिकिटाचा खर्च मालकाने करावा, असा नियम 2015 मध्ये झाला. तो धड पाळला गेला नाही, म्हणून आजही अनेकांची पहिली कमाई दलालासाठी काढलेलं कर्ज फेडण्यात जाते.