'नुसता पीडीएफ दिला' या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलंय की ट्रेडमार्कचे पैसे घेतले आणि हातात टेकवला नुसता पीडीएफ, त्यावर ना गोल शिक्का ना कुणाची सही, मग अर्ज ऑफिसात पोचला कशावरून, आणि ओळखीच्यांना म्हणे शिक्का मारलेली कॉपी मिळालीये. शंका अगदी रास्त आहे, मेहनतीने उभ्या केलेल्या मसाल्याच्या नावाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

शिक्केवाली कॉपी मिळते ती मुंबईला अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीत, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी ऑफिसात, कागद हाताने दिले तर. त्याला एका क्लासची (म्हणजे मालाच्या एका वर्गाची) सरकारी फी ५,००० आणि ऑनलाइनला ४,५०० (उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट असल्यामुळे तुम्हाला हा सवलतीचा दर लागला, सवलत नसेल तर ऑनलाइनला ९,०००). तुमचा अर्ज ऑनलाइन, डिजिटल सहीने गेलाय, त्याला शिक्का नसतोच. पोच म्हणजे रजिस्ट्रीच्या सिस्टिमने दिलेली ती ई-पावती, तिच्यावर अर्ज नंबर, तारीख आणि भरलेली फी असते. तुमच्या पावतीवर ४,५०० दिसतात कारण तेवढीच सरकारी फी आहे, आमच्या कामाचे पैसे वेगळ्या बिलात आहेत, ते बिलही तेव्हाच दिलंय.

खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज ही पोच नव्हे हे मी सगळ्यांना सांगतो. पेमेंट होण्याआधी ड्राफ्टला एक तात्पुरता नंबर पडतो, काही लोक तोच धरून बसतात आणि अर्ज गेलाच नाही हे फार उशिरा कळतं. खरा अर्ज नंबर पडला की मगच अर्ज दाखल, आणि ती तारीख लाखमोलाची, कारण उद्या रजिस्ट्रेशन मिळालं की ते त्या तारखेपासून धरतात, १० वर्षंही तिथूनच मोजतात.

आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. आयपी इंडियाच्या सरकारी साइटवर ट्रेडमार्क स्टेटसमध्ये जाऊन पावतीवरचा नंबर टाका, काही फी लागत नाही. तुमचं नाव, ब्रँड, क्लास ३० (मसाल्याचा वर्ग) सगळं दिसेल आणि खाली अपलोड केलेल्या कागदांची यादी तारखेसकट दिसेल. नंबर मी इथे चारचौघांत लिहीत नाही.

आणि हा पीडीएफ कृपा करून डिलीट करू नका!! मार्च २०१६ मध्ये रजिस्ट्रीने हरकतींना उत्तर आलं नाही असं म्हणत एकदम ढीगभर अर्ज अबँडन, म्हणजे सोडून दिल्याचं धरून बंद केले होते, त्यात वेळेत उत्तर दिलेले लोकही सापडले, शेवटी प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि एप्रिलमध्ये त्या ऑर्डर्सना स्टे मिळाला. अशा वेळी ज्याच्याकडे तारखेची पोच तो निदान भांडू तरी शकतो, बाकीच्यांनी काय दाखवायचं?? म्हणून आम्ही प्रत्येक कागदाची पोच क्लायंटला मेल करतो आणि मेल उघडला का ते फोन करून विचारतो, तुम्हालाही केला होता.

पुढे एक्झामिनेशन रिपोर्ट (रजिस्ट्रीने अर्ज तपासून काढलेल्या हरकतींचा) येईल, तो मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्याला सरकारी फी नाही पण त्याचीही पोच निघते, ती आमच्याकडून मागून घ्याच. पावती आज परत मेल केलीये. स्टेटस बघताना काही अडलं तर ऑफिसला या, तुमच्याच मोबाईलवर उघडून दाखवतो.