वाळवणात ईप्रॉम

नागपुरात मे महिन्यात गच्चीवर काय ठेवू नये, याची यादी फार छोटी आहे. त्या यादीत फक्त माणूस येतो. बाकी कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या, वर्षभराच्या मिरच्या, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं चालतं. म्हणून मी त्या वाळवणात ईप्रॉम नावाची एक मेमरी चिप नेऊन ठेवली, तर गल्लीत एवढी चर्चा व्हायचं काही कारण नव्हतं.

आधी चिपची कुळकथा.

आमच्या पिढीत ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स केलं, त्यांना ८०८५ या प्रोसेसरवर हात बसवायचं ट्रेनर किट माहीत असतं. इंटेलनं हा प्रोसेसर १९७६ साली काढला आणि आपल्या कॉलेजांनी त्याला पुढे कितीतरी वर्षं रिटायर होऊ दिलं नाही. लाकडी पेटी, हेक्स कीपॅड (सोळाच्या पद्धतीत मोजणारा: शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ), वर सहा लाल आकडे. प्रॅक्टिकलला एकेक बाइट हातानं टाकायचा, आणि शेवटच्या बाइटला शेजारच्या भिडूचं कोपर लागून सप्लायची वायर निघायची. अशाच एका लॅबनं टाकून दिलेलं किट मला कबाड्याकडे दिसलं. त्यानं ते किलोच्या भावानं दिलं. वर, "साहेब, यात तांबं काही खास निघणार नाही," अशी प्रामाणिक सूचनाही दिली.

घरी आणून लावलं, तर सहा आकड्यांच्या जागी काही अर्धवट काड्या पेटल्या. सप्लाय तपासला, बरोबर पाच व्होल्ट. ६.१४४ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल चालू, प्रोसेसरच्या एएलई या पिनवर पल्स येत होते. म्हणजे प्रोसेसरची धुगधुगी होती. वीज गेल्यावरही रॅममधलं सांभाळून ठेवणारी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी मात्र पाझरली होती आणि तिच्या आसपासच्या ट्रॅकवर हिरवट-पांढरा थर चढला होता. तो थर अल्कलीचा, त्याला मारायला आंबट लागतं. मे महिन्यात नागपुरात लिंबाचा भाव काय असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच कळेल की बोर्डावर लिंबू पिळताना मी स्वयंपाकघराकडे पाठ का केली होती.

बॅटरी उपटून काढली, ट्रॅक घासले, तरी काड्या त्याच. उरला संशय ईप्रॉमवर. तिच्यातच किटचा मॉनिटर, म्हणजे कीपॅड आणि आकडे चालवणारा मूळ प्रोग्रॅम असतो. ती बिनसली की किटला आपण कोण हेच कळत नाही.

ईप्रॉम ही फार गोड चीज आहे. १९७१ साली इंटेलमधल्या डोव्ह फ्रोमननं ती काढली. चहूबाजूंनी ऑक्साइडनं वेढलेलं एक गेट, त्यात जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन कोंडायचे आणि ते वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतात. पहिल्या १७०२ या चिपमध्ये फक्त २५६ बाइट मावायचे. सकाळी येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या गुलाबाची एक पाकळीही त्यात बसणार नाही. लिहिलेलं पुसायचं असेल तर चिपच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी गोल खिडकी असते. साध्या काचेतून हवे ते अतिनील किरण जात नाहीत, म्हणून क्वार्ट्‌झ. त्या खिडकीतून प्रकाश आत गेला की इलेक्ट्रॉनांना बळ येतं आणि ते ऑक्साइडची भिंत ओलांडून निघून जातात. एरवी ही खिडकी चिकटपट्टी लावून झाकायची असते.

माझ्या चिपवरची चिकटपट्टी कधीच गळून पडली होती. डेटाशीट सांगते की उघड्या खिडकीवर ट्यूबलाइटचा उजेड पडत राहिला तर साधारण तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. लॅबमध्ये वर्गामागून वर्ग शिकून बाहेर पडले आणि त्याच ट्यूबलाइटखाली चिप एकेक अक्षर विसरत गेली. मी ती प्रोग्रॅमरवर, म्हणजे चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर, वाचून पाहिली. विसरण्याचीही तिची एक रीत असते: शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होत नाही. जिथे ७६, म्हणजे 'थांब' लिहिलेलं असायला हवं, तिथे एक बिट उडून ७ई झाला होता. ७ई म्हणजे 'मेमरीतून उचल'. ज्या प्रोसेसरला थांब म्हणायचं तो बिचारा उचलत सुटला होता.

मॉनिटर प्रोग्रॅम मिळाला एका मित्राकडच्या मॅन्युअलच्या झेरॉक्सवर. झेरॉक्सचीही झेरॉक्स होती ती. त्यात आठ आणि बी यांच्यात काडीचाही फरक उरला नव्हता. मुलगी वाचायची, मी टाइप करायचो. "सी तीन, शून्य शून्य, बी... का आठ... बाबा, तुम्हीच ठरवा." बी असेल तर प्रोग्रॅम कीपॅड वाचायला जातो, आठ असेल तर अशा पत्त्यावर जातो जिथे काहीच नाही. असे निर्णय घेत घेत ते पुरं केलं.

आता कोरी चिप हवी. किटमधली जुनी ईप्रॉम, २७६४, पुसून परत वापरता आली असती, पण तिला लिहायला २१ व्होल्ट लागतात आणि माझा यूएसबी प्रोग्रॅमर १८ च्या पुढे चढत नाही. त्यामुळे १२.५ व्होल्टवर लिहिली जाणारी २७सी६४ हवी. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीनच्या गल्लीत गेलो. दुकानदारानं आधी मला खालून वर पाहिलं.

"सर, हे कोण वापरते आता? अठ्ठावीस सी चौसष्ट घेऊन जा ना. करंटनंच पुसल्या जाते. पिना पण जुळते."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण किटवर खिडकीवाली चिप होती, तर खिडकीवालीच बसली पाहिजे; नाहीतर मग हा उद्योग कशाला, मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेच की. त्यानं खालच्या ड्रॉवरमधून जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिप्स काढून दिल्या. सगळ्यांत कुणाचा तरी प्रोग्रॅम भरलेला. एकीवर पेननं 'लिफ्ट' लिहिलं होतं. म्हणजे आधी पुसणं आलं. पुसायचं यंत्र म्हणजे इरेजर त्याच्याकडे नव्हतं. पण डेटाशीटमध्ये पुढचं वाक्य होतं: थेट उन्हात साधारण एक आठवडा.

एक आठवडा! हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं नवतपा पाहिलेला नसणार. पंचवीस मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, आणि त्याच सुमारास नागपुरात शून्य सावली दिवस येतो, सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर. यापेक्षा सरळ ऊन कुठून आणायचं? मी चिपचे पाय काळ्या फोममध्ये खोचले, फोम डब्याच्या झाकणात ठेवला आणि झाकण आईच्या कुरडयांच्या शेजारी.

आईचं माहेर काटोलकडचं. गच्चीवर तिचा शब्द शेवटचा.

"काय ठेवून राहिला रे माह्या कुरडयांत?"

"मेमरी आहे. उन्हानं पुसली जाईल."

"पुसाले ऊन कायले लागते? फडकं घे ना."

शेजारचे भाऊ भिंतीवरून ऐकत होते. संध्याकाळी ते पेनड्राइव्ह घेऊन आले. "याले पण ठेवून द्या बाजूले. व्हायरस आहे यात." मी म्हटलं, याला खिडकी नाही. त्यांनी थोडा विचार केला. "मग उलटा ठेवा."

आता इथे एक गोष्ट स्पष्ट करणं भाग आहे, कारण ती मी सगळ्या गल्लीला समजावून थकलो. यात उष्णतेचं काही काम नाही. काम करतो तो प्रकाश, आणि तोही अतिनील बाजूचा. चिप पुसायला सगळ्यात चांगली तरंगलांबी २५३.७ नॅनोमीटर, पण ती ओझोनच्या थरात अडकते, जमिनीवर पोचतच नाही. ऊन जे काही पुसतं ते त्याहून लांब लहरींनी, रेंगाळत. पण नागपूरकराला उन्हाचं मोजमाप अंशातच कळतं. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, ते लोक घरातल्या लग्नाच्या तारखेसारखं सांगतात. २०२४ च्या मे अखेरीला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बोंब झाली आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. मला त्या सेन्सरबद्दल फार आपुलकी आहे. असल्या उन्हात सिलिकॉननं तरी किती खरं बोलावं?

नवतपा संपत आला तशी मी चिप प्रोग्रॅमरवर लावली. 'कोरी नाही.' पुसलेली ईप्रॉम म्हणजे सगळे बिट एक, हेक्समध्ये सगळीकडे एफएफ, एफएफ. इथे लिफ्टचा प्रोग्रॅम बाइटन् बाइट शाबूत. लिफ्ट लावली असती तर चालली असती.

दुपारी एकला मी टॉवेल गुंडाळून गच्चीवर गेलो आणि उलगडा झाला. रोज मी सकाळी झाकण ठेवून ऑफिसला गेलो की धूळ नको, पाखरांनी घाण करायला नको, म्हणून आई सगळ्या वाळवणावर जुनं लुगडं दुपदरी करून घालत होती. माझ्या झाकणावर तर चार पदरी, "तुही वस्तू महागाची म्हणून."

"अगं, पण त्याला ऊन लागायला हवं होतं!"

"लागलं ना! हात लावून पाय बरं, कशी तापली आहे ते. कडक वाळली." आणि तिनं खात्री करायला चिपला नखानं टिचकी मारली.

शेवटी पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब घ्यायची ठरलं. ती नेमकी २५४ च्या आसपासचे किरण देते. सुट्या भागांच्या दुकानात विचारलं, "मशीन कोणती?" मी म्हटलं, मशीन नाही, मला मेमरी पुसायची आहे. त्यानं ट्यूब काउंटरवर ठेवली आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे अतिशय सहानुभूतीनं पाहिलं.

ट्यूब बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली. या प्रकाशाकडे चुकूनही बघायचं नसतं. वेल्डिंगवाल्यांचे डोळे रात्री चुरचुरतात तोच प्रकार होतो, आणि कातडीही भाजते. म्हणून झाकण उघडलं की ट्यूब बंद झालीच पाहिजे असा स्विच हवा. घरात फ्रिजच्या दाराचा जुना स्विच पडला होता, पण त्याचा स्वभाव बरोबर उलटा: दार उघडलं की दिवा लागतो. तो लावला असता तर डब्यात डोकावणाऱ्याचेच डोळे आधी पुसले गेले असते. उलट्या स्वभावाचा स्विच आणून लावला, चिप ट्यूबखाली इंचभर अंतरावर ठेवली, झाकण दाबलं. नवतप्याला जे जमलं नाही ते अर्ध्या तासाच्या आत झालं. एफएफ, एफएफ, एफएफ, शेवटच्या पत्त्यापर्यंत. लगेच मॉनिटर भरला, खिडकीवर चिकटपट्टी लावली, चिप सॉकेटमध्ये बसवली, रिसेट दाबलं, आणि सहाही आकडे नीट उजळून किटनं आपलं नाव सांगितलं.

घरातले सगळे गोळा झाले. आई खुर्ची ओढून पुढे बसली. "आता हे काय करते?"

"बेरीज करून दाखवतो. आठ अधिक आठ." ३ई ०८, सी६ ०८, पुढे उत्तर मेमरीत ठेवायचं. चालवलं. डिस्प्लेवर आलं: १०.

"आठ आन् आठ दहा?"

मी म्हटलं, ते हेक्समधलं दहा आहे, म्हणजे आपले सोळाच. आई माझ्याकडे बघत राहिली. मग मी मुकाट्यानं बेरजेनंतर २७ टाकलं. ही डीएए नावाची आज्ञा, ती उत्तर आपल्या दशमान पद्धतीत आणते. परत चालवलं. १६.

"मंग हे त्याले पहिलेच सांगायचं होतं ना," आई म्हणाली आणि उकडतंय म्हणून उठून तिनं कूलरचं बटण दाबलं. खट्‌कन एमसीबी पडली. ती वर करून आलो तेव्हा किट पुन्हा हसतमुखानं आपलं नाव सांगत होतं, पण बेरजेचा प्रोग्रॅम गेला होता. रॅम सांभाळणारी बॅटरी मीच काढून टाकली होती ना.

मी बर्डीच्या दुकानदाराला फोन लावला. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम आहे का?

"आहे ना सर," तो म्हणाला. "पण तुम्हाले तर जुनीच लागत असेल?"